तीनशे चाळीस मिलीलीटर

"दोनशे चौदा," मी म्हणाले आणि सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

"नक्की?" शिरीष माझ्या पाठीशी वही घेऊन उभा होता.

"दोनदा मोजलंय. पहिल्यांदा दोनशे अकरा, आता दोनशे चौदा."

"म्हणजे एका मिलीलीटरला एक अब्ज सात कोटी." त्याने वहीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि गुणाकार करायला बसला.

रविवारची सकाळ होती. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला एका डोळ्याचा सूक्ष्मदर्शक आणि मध्ये लोणच्याची एक बरणी. बरणीत लोणचं नव्हतं. त्यात करड्या रंगाचा, ताकाच्या तळाशी बसतो तसा साका होता. ते यीस्ट. शिरीष माझा नवरा, केमिकल इंजिनियर. औरंगाबादच्या एका बिअरच्या कारखान्यात तो अकरा वर्षं नोकरी करत होता आणि त्या अकरा वर्षांत त्याला बाटल्या धुण्याच्या विभागापलीकडे कुणी जाऊ दिलं नव्हतं. हलवायाच्या दुकानात राहून परात घासायची, तसं. मग त्याने घरीच बिअर करायला घेतली. आमच्याकडे गॅरेज होतं आणि गाडी नव्हती, त्यामुळे जागेचा प्रश्न आला नाही. दुधाचे स्टीलचे कॅन, तांब्याची नळी, पुण्याहून मागवलेली, मोड आणून वाळवलेली बार्ली. यीस्ट त्याने कारखान्यातल्या एका मित्राकडून बरणीत आणलं होतं.

सासूबाईंनी या प्रकाराला पहिल्या दिवसापासून नावं ठेवली होती. "पोलीस आले तर मी सांगीन, कुरडयांचा चीक आहे म्हणून," त्या म्हणायच्या. "वास तरी तसाच येऊ लागलाय."

मोजायचं काम माझं होतं, कारण मोजणं हा माझा धंदाच होता. डॉ. कंधारकरांच्या पॅथॉलॉजीत मी बारा वर्षं रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत होते. काचेच्या जाड पट्टीवर बारीक चौकटी कोरलेल्या असतात. थेंब सोडायचा, डोळा लावायचा आणि चौकट-चौकट मोजत जायचं. मशीन आलं होतं, तरी एखादा रिपोर्ट विचित्र दिसला की डॉक्टर म्हणायचे, "हेमांगीबाईंना बघू द्या." हा बाद झालेला सूक्ष्मदर्शकही त्यांनीच मला दिला होता. आणि दोन महिन्यांनी, एक तारखेपासून रक्ततपासणीचा नवा विभाग सुरू होणार होता. त्याची प्रमुख मी. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं. त्या दिवशी मी रिक्षाने घरी आले, एरवी चालत यायचे.

"तीनशे चाळीस," शिरीष म्हणाला. "चाळीस लिटरला तीनशे चाळीस मिलीलीटर. बरोब्बर."

"जरा थांबा," मी म्हणाले. "मला या पेशी बऱ्या दिसत नाहीत."

"म्हणजे?"

"सुकल्यासारख्या वाटतात. आत दाणे दिसतायत. आणि एकीलाही कळी फुटलेली नाही, म्हणजे वाढ थांबलीय. मागच्या वेळी निम्म्यांना कळ्या होत्या." मी पुन्हा डोळा लावला. "तुमच्याच पुस्तकात आहे ना, निळा रंग घालायचा. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत होत नाहीत. रक्तात आम्हाला हा प्रश्न पडत नाही, आम्ही दिसेल ते मोजतो. इथे तसं चालणार नाही. यातल्या बऱ्याच मेलेल्या असतील."

"मागच्या वेळी घातला होता का रंग?"

"मागच्या वेळी बरणी ताजी होती. ही दोन महिने फ्रीजमध्ये आहे. आणि फ्रीज तरी कुठे फ्रीज राहिलाय? रोज सहा तास वीज नसते. परवा आतलं लोणी वितळलं होतं."

त्याला ते पटलं होतं, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. पटलं की तो मानेवर हात फिरवायचा.

"उद्या लॅबमधून रंग आणते," मी म्हणाले. "एक दिवस थांबा."

"कसं थांबू? बार्लीचा काढा गार झालाय. उघडा ठेवला की त्यात काय काय पडेल. आणि बप्पासाहेबांना तारीख दिलीय."

बप्पासाहेब तौर यांचं जालना रोडवर मोठं हॉटेल होतं. त्यांना हॉटेलातच ताजी बिअर तयार करून द्यायची होती. परवान्याचं ते बघणार होते, बिअर करणारा माणूस हवा होता. ते डॉ. कंधारकरांचे शाळेपासूनचे मित्र, आणि शिरीषचं नाव त्यांच्या कानावर घातलं ते मी, डॉक्टरांमार्फत. शिरीषच्या पहिल्या बिअरची एक बाटली मीच डब्याच्या पिशवीतून लॅबमध्ये नेली होती. आता ते दोघं महिन्याभराने जेवायला येणार होते, आणि शिरीषने तोवर बाटल्या धुणं सोडायचं मनात पक्कं केलं होतं.

"मग सगळी बरणी ओता," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? लिटरभर आहे ते. जास्त झालं तर चव सपाट होते."

"निम्म्या मेलेल्या असल्या तर जास्त कसं होईल?"

दारात सासूबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "विरजण शिळं असलं तर चमचाभर वाढीव लागतं. एवढं इंजिनियरला शिकवत असतील की."

"आई, हे दही नाही."

"न का असेना. मेलेल्या विरजणाने दुधाचंही काही होत नाही."

शिरीष हसला, पण वरवर. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे बघ, आकडा आहे ना आपल्याकडे? आकडा सोडून अंदाजाने ओतायचं तर मोजलं कशाला? तू मोज. किती घालायचं ते मी ठरवतो."

मला राग आला. बाहेर काढला नाही, तो वहीत काढला. ती वही शिरीषने कारखान्यातल्यासारखी ठेवली होती. तापमान, वेळ, वजन, शेवटी "तपासले" असा रकाना आणि त्यात त्याची सही. कारखान्यात दिवसाला साठ ठिकाणी सही करायची सवय, ती घरीही आली होती. दूधवाल्याच्या कार्डावरसुद्धा तो सही करायचा. मी त्याच्या आकड्याखाली माझ्या अक्षरात लिहिलं : "जिवंत-मृत पाहिलेले नाही. निम्म्याहून जास्त मृत असाव्यात. सर्व बरणी घालावी. हे. दे." आणि वही त्याच्यासमोर धरली.

त्याने सही केली, तारीख टाकली, आणि मोजपात्रात तीनशे चाळीस मिलीलीटर ओतून गॅरेजमध्ये गेला.

मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळीच कॅनच्या नळीतून बुडबुडे यायला लागले होते. या वेळी सोमवार गेला, मंगळवार गेला. शिरीष ऑफिसला जाताना आणि आल्यावर गॅरेजमध्ये जाऊन वाकून बघायचा. मी मंगळवारी म्हणाले, "उरलेली बरणी आता तरी घाला." तो म्हणाला, "झाकण उघडायचं नसतं." बुधवारी दुपारी एकदाचे बुडबुडे आले. सासूबाईंनीच मला फोन करून लॅबमध्ये सांगितलं, कारण त्याही बघत होत्या. "तुझ्या त्या कॅनला उचकी लागलीय," म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांनाही सांगितलं. हे आज आठवलं की हसू येतं आणि ते चांगलं हसू नसतं.

महिन्याभराने, रविवारीच, ते दोघं आले. बप्पासाहेब धिप्पाड, पांढरा सफारी, बोलणं मोकळं. डॉक्टर नेहमीसारखे शांत. मी भरल्या वांग्याची भाजी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. शिरीषने नवा शर्ट घातला होता. त्याने बाटली उघडली, ग्लास तिरका धरून ओतला, फेस छान आला. बप्पासाहेबांनी मोठा घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला.

"देवगावकर," ते म्हणाले, "ताक पाजायला बोलावलं का मंग?"

शिरीषने स्वतःचा ग्लास तोंडाला लावला. त्याचा चेहरा मी बघितला आणि समजले. डॉक्टरांनी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. डॉक्टरच ते, त्यांना निदान केल्याशिवाय चैन पडत नाही.

"आंबलंय," ते म्हणाले. "यीस्ट उशिरा लागलं का? तोवर दुसरं काहीतरी वाढलेलं दिसतंय. किती घातलं होतं?"

माझी नजर फ्रीजवर गेली. फ्रीजच्या डोक्यावर ती वही होती, माझ्यापासून हातभर अंतरावर.

शिरीषने मानेवर हात फिरवला.

"मोजणीत घोळ झाला," तो म्हणाला. "हेमांगीने मोजलं होतं. मेलेल्या, जिवंत, सगळ्या एकत्रच मोजल्या तिने. रक्ताची सवय ना. मी तिच्या आकड्यावर गेलो."

खोटं बोलावं तर असं. यातला एकेक शब्द सुटा काढला तर खरा होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "हेमांगीबाई?"

मी आजही तो क्षण पुन्हापुन्हा काढून बघते. हात लांब करायचा आणि वही काढायची, एवढंच होतं. पण समोर माझा नवरा होता, अकरा वर्षं बाटल्या धुतलेला, नव्या शर्टातला. चारचौघांत त्याला उघडं पाडायचं माझ्या जिवावर आलं. आणि मला वाटलं, हे लोक गेले की तो म्हणेल. एक वाक्य म्हणेल. तेवढ्यावर मी हे गिळू शकत होते.

"हो," मी म्हणाले. "मोजलं मीच होतं."

बप्पासाहेब मोठ्याने हसले. "मंग तुमच्या हाताचा दोष न्हाई की, देवगावकर. मागची बाटली मी विसरलो न्हाई. मोजणारं बदला, बाकी ठीक. वहिनी, वांगं मात्र फस्क्लास झालंय बगा."

डॉक्टर हसले नाहीत. ते ताटाकडे बघत जेवले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहून नमस्कार केला तो जरा जास्तच अदबीने.

ग्लास विसळताना सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"बोलायचं होतंस तू," त्या म्हणाल्या.

"तुम्ही होतात की तिथे."

"होते ना." त्यांनी एक ग्लास पुसून ठेवला. "मी तरी कुठं बोलले?"

शिरीष त्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने म्हणाला, "बप्पासाहेबांचा फोन होता, पुन्हा करून दाखवा म्हणाले." इतका आनंदात होता की मला गुलाबजाम आणले. तेच त्याचं वाक्य, असं समजायचं असेल तर समजा.

एक तारखेला डॉक्टरांनी नव्या विभागावर परभणीहून एका मुलाला आणलं. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "तुमचं पेशंटशी बोलणं फार चांगलं आहे, हेमांगीबाई. नमुने घ्यायच्या काउंटरवर तुमच्यासारखंच माणूस हवं." मी विचारलं, "काही चुकलं का माझं?" ते म्हणाले, "छे, छे." सभ्य माणसाने दार लावलं की कडीचा आवाजसुद्धा येत नाही. त्यानंतर सतरा वर्षं मी लोकांच्या दंडाला रबर बांधलं, सुई टोचली, नळीवर नाव लिहिलं. आत सूक्ष्मदर्शक होता, मी त्याच्यापाशी परत बसले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्याशाने मान स्वतःहून पुढे केली होती, म्हणून तक्रार तरी कुणाकडे करणार?

शिरीषला ते हॉटेल मिळालं. त्याने तिथे खरोखर चांगली बिअर केली, हे मी नाकारणार नाही. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. पुण्याहून तरुण पोरं शिकायला येऊ लागली. आणि घरी कुणीही आलं की दुसऱ्या ग्लासला तो ती गोष्ट सांगायचा : आमच्या हिने एकदा मेलेल्या पेशी जिवंत म्हणून मोजल्या आणि मी बप्पासाहेबांना ताक पाजलं. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचे. सासूबाई असेपर्यंत त्या उठून आत जायच्या. नंतर उठून जाणारंही कुणी उरलं नाही.

गेल्या वर्षी शिरीषला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी प्लेटलेट्स चौदा हजारांवर आल्या. तरुण डॉक्टर म्हणाला, रक्तपेढीतून आणून चढवाव्या लागतील. शिरीष भेदरला होता. त्याचे ओठ सुकले होते आणि त्याने चादर दोन्ही हातांनी धरली होती.

"मशीनवर मोजलंय ना?" त्याने विचारलं.

"हो काका. मशीनच असतं आता."

"मशीन चुकतं. गुठळ्या झाल्या तर कमी दाखवतं." हे त्याला मीच कधीतरी सांगितलेलं. "माझी बायको मोजेल. तिला मोजू द्या."

"काकू लॅबमध्ये होत्या का?"

"एकोणतीस वर्षं. तिचा आकडा चुकत नाही. आजवर एकदाही चुकलेला नाही."

मी डबा घेऊन दारात उभी होते. त्याने मला पाहिलं नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे बघून हसला. मी डबा खाली ठेवला आणि लॅब कुठे आहे ते त्याला विचारलं.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एक चुणचुणीत मुलगी होती. तिच्याकडे ती चौकटींची काच होती, कपाटाच्या तळाशी, धूळ खात. मी शिरीषच्या बोटाला टोचून ताजं रक्त घेतलं, पातळ केलं, काचेवर सोडून ओल्या कापसाशेजारी वीस मिनिटं झाकून ठेवलं. मग डोळा लावला. सतरा वर्षांनी लावला, पण हात विसरलेला नव्हता. मी मोजलं, त्या मुलीनेही मोजलं. एकावन्न हजार, बावन्न हजार. डॉक्टरने पुन्हा नमुना घेऊन मशीनवर लावला, या वेळी आमच्यासारखाच आकडा आला. चढवायचं रद्द झालं.

मी चिठ्ठी घेऊन त्याच्यापाशी गेले.

"तू स्वतः मोजलंस?"

"हो."

"मग झालं," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

"त्या दिवशीही मीच मोजलं होतं," मी म्हणाले.

"कुठल्या दिवशी?" त्याने डोळे न उघडता विचारलं, आणि दोन मिनिटांत तो घोरायला लागला.

तो घरी आला, चालूफिरू लागला, तेव्हा एका सकाळी मी ती वही त्याच्या चहाशेजारी उघडून ठेवली. ती मी फेकलेली नव्हती, साड्यांच्या घडीखाली होती. त्याने चष्मा लावला. माझं अक्षर वाचलं. खाली त्याची सही, तारीख. त्याने पान एकदा उलटून पाहिलं, मागे काहीच नव्हतं.

"सही माझीच आहे," तो म्हणाला. "पण तेव्हा मी वाचून थोडीच सही करायचो? सगळ्यावरच करायचो."

"मी तोंडानेही सांगितलं होतं."

"असेल." त्याने वही मिटून माझ्याकडे सरकवली. त्याचा हात मानेवर गेला होता. "चहा गार झालाय, जरा गरम करतेस?"

मी चहा गरम केला.

दिवाळीनंतरच्या रविवारी त्याचे दोन जुने शिष्य बायकांसह आले. दुसरा ग्लास झाला. मी भाजणीची चकली घेऊन बाहेर आले तेव्हा त्याची गोष्ट सुरू झालेली होती. माझ्याकडे नजर गेली तसा तो अडखळला. मला वाटलं, आता थांबेल.

"...तर आमच्याकडे तेव्हा एक लॅबवाली बाई यायची मोजायला," तो म्हणाला. "तिने काय केलं, मेलेल्या पेशी जिवंत म्हणून मोजल्या."

सगळे हसले. सतरा वर्षं माझ्या नावावर निदान ती चूक तरी होती. आता तीही माझी राहिली नाही.

"मग त्या बाईंचं काय झालं, सर?" एकीने हसत विचारलं.

"काय होणार? होती एक," शिरीष म्हणाला.

मी चकल्यांचं ताट टीपॉयवर ठेवलं आणि खुर्ची ओढून त्यांच्यात बसले.

"ती मीच," मी म्हणाले. "आकडा बरोबर होता. पेशी मेलेल्या आहेत, सगळी बरणी ओता, हेही मी सांगितलं होतं. यांनी तीनशे चाळीस मिलीलीटर घातलं. त्याखाली यांची सही आहे. वही आणू का?"

शिरीष ग्लासातल्या फेसाकडे बघत होता. मी वही आणायला उठले.